एक घर, एक पाप

यंदा नगरला थंडी जरा लवकरच आली. नाताळाच्या करंज्यांना अजून अवकाश होता, तोवरच पहाटे पाय आखडायला लागले, म्हणून मी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि गोधडी बाहेर काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरला. नात म्हणाली, "आजी, हॉस्पिटलसारखा वास येतोय." हिला काय ठाऊक हॉस्पिटलचा वास! तो मी नर्स म्हणून जन्मभर अंगावर वागवला आहे. ही गोधडी म्हणजे वरून आईचं हिरवं लुगडं लावलेली. तिच्या आतल्या थरांना आईचे बारीक, सरळ टाके आहेत, आणि वरच्या लुगड्याच्या कडांना कुणी घाईघाईत घातल्यासारखे लांब, तिरपे टाके आहेत. त्या तिरप्या टाक्यांवरून हात फिरवला की मला नगरची थंडी आठवत नाही, कुवेतची आठवते.

नात गोधडीत शिरून कानात बोंडं घालून मोबाइलवर काहीतरी बघत होती आणि एकटीच खिदळत होती. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, "अँथॉलॉजी आहे, आजी. म्हणजे प्रत्येक भागात वेगळी माणसं, वेगळी गोष्ट. तुला नाही कळायचं." मला नाही कळायचं! मी तिच्या कानातलं एक बोंड काढलं आणि म्हटलं, "बाई, असला प्रकार तुझ्या आजीने कुवेतमध्ये भरल्या हॉलपुढे करून दाखवलाय, तेव्हा तुझी आई शाळेत जात होती." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चंद्रावर जाऊन आले म्हणाले. मग तिला जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे. जरा मिजाशीत लिहिते आहे, ते वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

कुवेतमध्ये थंडी पडते हे इथे कुणाला पटत नाही. पडते, आणि चांगली बोचरी पडते. उन्हाळाभर रात्रंदिवस घरघरणारे एसी एकेक करून गप्प होतात आणि मग आपल्याला शेजार आहे हे पहिल्यांदा ऐकू यायला लागतं. कुणाचा कुकर, कुणाचं भांडण, कुणाचं पहाटेचं कुराणपठण. आम्ही फहाहीलला राहायचो, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. इराण्याच्या भट्टीपुढे गरम खबूससाठी रांग लागायची. ती परातीएवढी रोटी वर्तमानपत्रात गुंडाळून छातीशी धरली की घरी पोचेपर्यंत स्वेटरची गरज नसायची. गच्चीवरून दक्षिणेला शुऐबाच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसायच्या, त्यांच्या टोकावर ज्योती जळत असायच्या. आमचे हे, प्रभाकर, तिथे प्लँटवर ऑपरेटर होते. लेक लहान असताना त्या ज्योतींकडे बोट दाखवून म्हणायची, "पप्पांनी दिवा लावला." पुढे इंग्रजी शाळेत गेली आणि तेच "पप्पा इज ऑन ड्यूटी" झालं.

शुक्रवारी सगळं कुवेत वाळवंटात तंबू ठोकायला निघायचं. आपली माणसंही निघायची. दोन-चार सरी पडून गेल्या असल्या तर वाळूवर हिरवी लव आलेली असायची, आणि थंडी सरता सरता वाळवंटात राहणाऱ्या बदू बायका रस्त्याकडेला फगा घेऊन बसायच्या. फगा म्हणजे वाळूत उगवणारी, बटाट्यासारखी दिसणारी अळंबी. समोरच्या फ्लॅटमधली जैतुनबी तो मटणात घालायची, आणि मी त्याची मोहरी-हिंगाची फोडणी देऊन भाजी करायचे. जैतुनबी बाणकोटकडची. तिचे यजमान गनीभाई यांचं बाजारात किराणाचं छोटं दुकान होतं. जिन्यातल्या त्या समोरासमोरच्या दोन दारांच्या मधे किती वाट्या आल्या-गेल्या याला गणतीच नाही.

ह्याच थंडीत आमच्या मराठी मंडळाचं नाटक असायचं. अख्खं वर्ष लोक त्याची वाट बघत. शाळेचा हॉल, तीन अंक, मध्यंतरात बटाटेवडे. मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर निमकर शहरात मोठ्या फ्लॅटमध्ये राहत आणि तालमी तिथे चालत. रोज संध्याकाळी सगळ्यांनी हजर पाहिजे, हा त्यांचा दंडक. बँकेतल्या, ऑफिसातल्या लोकांना ते जमायचं. आम्हा नर्सांचा आठवडा मात्र सकाळ, दुपार, रात्र असा फिरता. प्लँटवरच्या माणसांचंही तेच. त्यामुळे आमच्या वाट्याला काय यायचं? पडदा ओढणं, चहा करणं आणि मला प्रॉम्प्टिंग.

प्रॉम्प्टर म्हणून मी इतकी वर्षं विंगेत उभी राहिले की प्रत्येक नाटकातलं प्रत्येक पात्र मला तोंडपाठ असायचं. नायिकेचं रडणं, खलनायकाचं हसणं, नोकराची लाडीगोडी. ड्यूटीवरून थेट यायचे, पायात पांढरे बूट तसेच. हातात छोटा टॉर्च. अंक संपला की तो टॉर्च दोनदा हलवायचा, म्हणजे समोरच्या विंगेतून प्रभाकर पडद्याची दोरी ओढत. दोरीवाल्याला संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून ती खूण. समोर दिव्याच्या झोतात कुणी ओळ विसरली की मी ती हळूच पुढे सरकवायची, आणि टाळी त्यांना मिळायची. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. चांगलं सणसणीत वाटायचं. एकदा, निदान एकदा, त्या उजेडात उभं राहून आपल्या तोंडाने आपली ओळ म्हणावी, एवढीच माझी हौस होती. एकदा धीर करून डॉक्टरांना विचारलंही. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, पण फटकळ. म्हणाले, "शांताबाई, तुम्ही उत्तम कराल हो. पण शिफ्टवाल्यांचा भरवसा काय? नायिका रात्रपाळीला गेली तर नायकाने कुणाशी बोलायचं?" सगळे हसले. मीही हसले, आणि पुढच्या पानावर टॉर्च धरला.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. घरोघरी व्हिडिओ आले. कोपऱ्याकोपऱ्यावर कॅसेटची दुकानं उघडली. त्या वर्षी मंडळाची निम्मी नटमंडळी कुणी अमेरिकेला, कुणी कायमची पुण्याला अशी पांगली. थंडीच्या तोंडावर सभा झाली त्यात डॉक्टर म्हणाले, "यंदा नाटकाला माणसं नाहीत. जमलं तर बघू. नाहीतर हॉलमध्ये मोठा पडदा लावून हिंदी सिनेमा दाखवू, आणि पुढच्या वर्षीपासून तोच पायंडा पाडू. तालमीची कटकट नको." मागच्या बाकांवर आम्ही फहाहील, शुऐबा, जहऱ्याची मंडळी बसलो होतो. मला घरी येताना रस्ताभर वाटत राहिलं, आता तर विंगसुद्धा जाणार.

त्याच आठवड्यात नाडियाने ती कॅसेट आणली.

नाडिया माझ्याबरोबर वॉर्डात होती. बैरुतची. फ्रेंच तिला घरच्यासारखी यायची, माझ्याशी ती हॉस्पिटलच्या इंग्रजीत बोलायची आणि चिडली की अरबीत. तिच्या देशात लढाई चालू होती, तिची आई तिथेच होती, त्याबद्दल ती फारसं बोलत नसे. एका सकाळी दोघी रात्रपाळी संपवून बसमधून उतरलो तर म्हणाली, "शांता, आज झोपायचं नाही. आज हसायचं." पिशवीत एका जुन्या फ्रेंच सिनेमाची कॅसेट होती, काळा-पांढरा. बैरुतला त्यांच्या घरी सगळे मिळून तो बघायचे म्हणे. मी पडदे ओढले, जैतुनबीला हाक मारली, आणि आम्ही तिघी चहा-खबूस घेऊन जमिनीवर पसरलो.

सिनेमा पापांवर होता, पण प्रवचन नव्हतं. छोट्या छोट्या सुट्या गोष्टी, प्रत्येक गोष्टीत देवाची एक आज्ञा, आणि ती साळसूद चेहऱ्याने मोडणारं एखादं माणूस. मी नगरची ख्रिस्ती. त्या दहा आज्ञा मला संडे स्कूलपासून पाठ, पण त्यांच्यावर असं पोट धरून हसता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नाडिया एक वाक्य इंग्रजीत, एक अरबीत सांगायची, मी ते मराठीत करून जैतुनबीला सांगायची, त्यामुळे प्रत्येक विनोदाला आम्ही तिघी तीनदा हसायचो. कुणीतरी त्या कॅसेटला कात्री लावली होती. व्यभिचाराच्या गोष्टीत एका गृहस्थाने एका दाराची घंटा वाजवली, आणि पुढच्याच क्षणी सगळे चर्चमध्ये बसून रडत होते! मधलं काय ते नाडियाने आठवून सांगितलं, लाजून लाल होत होत. जैतुनबी पदर तोंडाशी धरून म्हणाली, "जाऊं दे गो बाय, कापलान तां बरा केलान."

दोन-तीन गोष्टी झाल्यावर जैतुनबीने विचारलं, "तो पयला म्हातारा परत कदी येतंय?"

मी नाडियाला विचारलं. ती म्हणाली, "नेव्हर. खलास. त्याची गोष्ट संपली, तो घरी गेला."

"घरी गेला?" मी म्हटलं. आणि तिथेच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हातातला चहा सांडला. म्हणजे त्याची ड्यूटी संपली! तो आला, आपलं काम केलं आणि पुढच्याला जागा देऊन घरी गेला. पुढच्या गोष्टीतल्या माणसांना तो कधी भेटलाच नाही. अख्खा सिनेमा शिफ्टमध्ये चालला होता. ज्या फिरत्या पाळ्यांपायी आम्हाला उभ्या जन्मात कुणी नाटकात घेतलं नाही, त्याच पाळ्यांवर त्या फ्रेंच माणसांनी एवढा मोठा सिनेमा उभा केला होता. रात्रपाळीची झोप कुठल्या कुठे पळाली.

पुढच्या सभेत मी उभी राहिले. मनातलं सांगून टाकलं. नाटक एकच करायचं नाही. छोट्या छोट्या गोष्टी करायच्या, प्रत्येकीत एक पाप. आपण वाळवंटात डबा पार्टी करतो तेव्हा काय करतो? एक घर मसालेभात आणतं, एक कोशिंबीर, एक शिरा. तसंच करायचं. एक घर, एक पाप. ज्याने त्याने आपल्या घरात, आपल्या वेळेला तालीम करायची आणि थेट तयार पदार्थ घेऊन यायचं.

"पापांची भेळ!" डॉक्टर म्हणाले, आणि सभा हसली. पण निमकरवहिनी म्हणाल्या, "मला आवडली कल्पना." त्यामुळे डॉक्टरांना गप्प बसावं लागलं. त्यांनी अट घातली. प्रयोगाच्या आधीच्या शुक्रवारी वाळवंटातल्या सहलीत सगळ्यांनी करून दाखवायचं. त्यांना पसंत पडलं तर हॉलमध्ये होईल, नाहीतर तिथे सिनेमाचा पडदा लागेल. मी म्हटलं, चालेल. दुसरं म्हणणार तरी काय?

मग वाटणी सुरू झाली आणि लोकांची खरी गंमत कळली. लोभ कुणाला द्यावा? बँकेतल्या जोशींना विचारलं, तर त्यांच्या सौ. म्हणाल्या, "अहो नको हो, आत्ताच नवीन गाडी घेतलीय, लोक काय म्हणतील!" नको नको म्हणत शेवटी त्यांनीच घेतलं. चोरी प्रभाकर आणि त्यांच्या प्लँटवरच्या दोस्तांनी घेतली. खोटं बोलणं गनीभाई आणि जैतुनबीने मागून घेतलं. गनीभाई म्हणाले, "दुकानदार मानूस मी, सराव हाय मना." आळस जहऱ्याच्या मेसमध्ये राहणाऱ्या कारकून-ड्रायव्हर पोरांकडे गेला आणि त्यांनी कबूल करायलाही दोन दिवस लावले. गर्व डॉक्टर निमकरांनी स्वतः घेतला. "ते मला जमेल," म्हणाले. त्या क्षणी मला ते पहिल्यांदा आवडले. व्यभिचार मात्र कुणीच आणला नाही. सहलीला लोणचं दुसरा कुणीतरी आणेल म्हणून राहून जातं ना, तसा तो राहून गेला.

काय दिवस होते ते! थंडीने सगळ्यांच्या अंगात वारं भरलं होतं. शुऐबाच्या कंपनीच्या बसमध्ये प्रभाकर आणि मंडळी हेल्मेटं मांडीवर ठेवून चोरीची तालीम करत, आणि पंजाबी ड्रायव्हर आरशातून बघून हसे. जैतुनबीच्या दारामागून गनीभाईंचं खोटं बोलणं जिन्यात ऐकू येई. पण कुणी कुणाला आपली गोष्ट सांगत नव्हतं. आपला पदार्थ झाकून न्यायचा हीच आपल्या लोकांची रीत. मी मधे फक्त देखरेखीला. माझं घर प्रभाकरांच्या चोरीत जमा झालं होतं आणि त्या गोष्टीत बाईला काम नव्हतं. इतकी खटपट करून माझी जागा पुन्हा विंगेतच होती. लेक म्हणाली, "मम्मी, व्हॉट इज युअर रोल?" मी म्हटलं, "टॉर्च."

मग तो शुक्रवार आला. ऊन कोवळं, वारा गार, वाळूवर हिरवी लव, तंबूच्या दोऱ्या वाऱ्याने वाजत होत्या. नाडियाही आली होती, शिऱ्याची ताटली घेऊन पहिल्या चटईवर बसली. आणि एकेक घर आपलं पाप उघडून दाखवू लागलं.

गनीभाईंचं खोटं असं होतं. मुलगा आईला पत्राऐवजी आपला आवाज टेप करून पाठवतोय की मी मॅनेजर झालो, आणि बोलता बोलता तांदळाची पोती उचलतोय, तर धापा टेपमध्ये शिरताहेत. प्रभाकरांची चोरी अशी, की रजेवर गेलेला मुलगा आईने बहिणीसाठी ठेवलेली लोणच्याची बरणी पळवतो आणि विमानतळावर पकडला जातो. जोशींचा लोभ म्हणजे म्हाताऱ्या आईला दर वर्षी सांगायचं, अजून एकच वर्ष, मग कायमचा येतो. आळसाच्या गोष्टीत जहऱ्याच्या एका पोराची आई अचानक कुवेतला येतेय म्हणून अख्खी मेस धुवायला निघते. आणि डॉक्टरांच्या गर्वात एक मोठा डॉक्टर फोनवरून आईला औषधं सांगतोय, आई हो हो म्हणतेय आणि इकडे चुलीवर आपला काढाच उकळतेय.

शेवटची गोष्ट संपली. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. वाटून दिलेली पापं वेगवेगळी, आणि प्रत्येक घरानं आणली होती गावाकडे सोडून आलेली आई! सहलीला सगळ्यांनी शिराच आणावा तसं झालं. जोशीवहिनी डोळे पुसत होत्या. कुणी तरी खोकलं. डॉक्टर उठून म्हणाले, "शांताबाई, पाच गोष्टी आणि पाच म्हाताऱ्या? एवढ्या म्हाताऱ्या प्रेक्षकांनी बघायच्या? लोक हसायला येतात." आवाजात टोचणी नव्हती, ते स्वतःही ओशाळले होते. पण मला कळलं, की गेलं. हॉलमध्ये पडदाच लागणार.

तेवढ्यात नाडिया, जिला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, शिऱ्याचा घास गिळून म्हणाली, "व्हेरी गुड, शांता! वन मामा, मेनी बॅड बॉइज."

तिला वाटलं होतं, पाचही गोष्टींत आई एकच आहे.

मी उभी राहिले. "डॉक्टर, म्हाताऱ्या पाच नाहीत. एकच आहे. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्टेजच्या मधोमध बसलेली असेल. पोरं येतील, आपापलं पाप करतील आणि जातील."

"आणि पाच घरांच्या तालमींना ही बाई हजर राहणार कशी?"

"तिने यायचंच नाही. तिला फक्त सगळ्यांचं सगळं पाठ पाहिजे."

एवढं बोलले आणि माझ्याच लक्षात आलं मी काय बोलले ते. सगळा तंबू माझ्याकडे बघत होता. प्रभाकर हळूच म्हणाले, "घरीही ती हेच करते, डॉक्टर. मधोमध बसते आणि आम्हाला आमचे संवाद सांगते." आधी डॉक्टर निमकर हसले. मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यात माझी नेमणूक झाली.

आता म्हातारीला लुगडं पाहिजे. कुवेतमध्ये नऊवारी कुठून आणायची? मी घरी आले, पलंगावरच्या गोधडीकडे बघितलं आणि ब्लेडने वरच्या लुगड्याची शिवण उसवायला बसले. चारही बाजूंचे धागे हलक्या हाताने ओढून काढले. आईचं हिरवं लुगडं माझ्या हातात आलं, सुईच्या भोकांनी भरलेलं. त्याला अजून नगरच्या आमच्या खोलीचा वास होता.

आईशी बोलायचं म्हणजे तेव्हा ट्रंक कॉल. शेजारच्या वाण्याकडे फोन, तिला बोलावून आणायचं, मग दोन्ही बाजूंनी ओरडायचं. "कशी आहेस?" मी ओरडायची. "ठणठणीत!" ती ओरडायची. प्रत्येक वेळी ठणठणीत. पण मी नर्स आहे. वाक्याच्या मधे श्वास कुठे तुटतो हे मला फोनमधूनही ऐकू यायचं. आईला दम लागत होता, आणि तो ती माझ्यापासून लपवत होती. मी हे कधी बोलले नाही. बोलून काय करणार होते तीन-चार मिनिटांत? मीही तिला सांगायची की इथे फार सुख आहे, काम हलकं आहे. दोघीही सुखाने फोन ठेवायचो.

नाटकाच्या दिवशी माझी दुपारची ड्यूटी होती. ती नाडियाने दुसऱ्या एका सिस्टरच्या गळ्यात घातली, आणि स्वतः लाल लिपस्टिक लावून पहिल्या रांगेत येऊन बसली. हॉल खचाखच भरलेला. पडदा उघडला तेव्हा मी मधोमध पाटावर बसले होते, पुढ्यात सूप, सुपात तांदूळ. दिव्याचा झोत अंगावर आला. उजेड एवढा गरम असतो हे मला विंगेत कधी कळलं नव्हतं.

पुढचं काय सांगू! गनीभाईंनी पोत्याखाली धापा टाकत "मी केबिनमदे बसलंय, आये" म्हटलं आणि हॉल हशाने फुटला. प्रभाकर लोणच्याची बरणी कोटाखाली घेऊन गरोदर बाईसारखे चालले तेव्हा माझंच सूप हलायला लागलं. कुणाचं अडलं की मी तांदूळ निवडता निवडता पदराआडून शब्द पुढे सरकवायची. विंगेतून देताना शब्द दूर जायचा, इथून थेट पोराच्या कानात. आणि मग डॉक्टर निमकर आले, ऐटीत, गळ्यात स्टेथोस्कोप. फोन उचलला. "आई, ऐक, तुझा..." आणि थांबले. चेहरा कोरा. मी पदराआडून एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. ऐकू जाईना. हॉल वाट बघतोय. शेवटी मी सूप खाली ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "विसरलास ना? लहानपणीही असाच विसरायचास. रक्तदाबाचं सांगत होतास, बाळा!"

हॉलमध्ये असा हशा मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकलेला नाही. स्वतः डॉक्टर हसत हसत स्टेजवर बसले आणि लहान मुलासारखं म्हणाले, "हो आई, रक्तदाब." त्या माणसाचा मोठेपणा मला त्या एका शब्दात दिसला.

शेवटी सगळी पापी मंडळी माझ्याभोवती गोळा होऊन माफी मागतात, आणि आई आशीर्वादाचं भाषण करते, असं ठरलं होतं. भाषण डॉक्टरांनी लिहिलं होतं. छापील, भारदस्त. मला अर्थात पाठ होतं. पोरं वाकली. मी तोंड उघडलं, आणि लुगड्याचा वास नाकात गेला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पाठ असलेलं बोलावंसं वाटलं नाही.

मी म्हटलं, "झाल्या सगळ्यांच्या थापा? मग आता माझी एक ऐका. दर वेळी फोनवर मी ठणठणीत आहे म्हणते ना? तीही थापच."

कुणी लिहून दिलेली ओळ नव्हती ती. माझी होती.

त्या उन्हाळ्यात रजा मिळताच मी नगरला गेले आणि पहिल्याच दिवशी आईला डॉक्टरकडे नेलं. तिने खूप आढेवेढे घेतले. औषधं चालू झाली आणि तिचा श्वास सरळ झाला, पुढे बरीच वर्षं. नाटकाची सगळी हकीकत तिला रंगवून सांगितली. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "ते सगळं असू दे. माझी गोधडी उसवलीस होय?" म्हटलं, जैतुनबीने पुन्हा शिवून दिलीय. तिरपे टाके आहेत, पण पक्के. मंडळात पुढच्या वर्षापासून तालमींचा दिवस ठरवण्याआधी आमच्या पाळ्या विचारल्या जाऊ लागल्या, आणि हॉलमध्ये सिनेमाचा पडदा माझ्या देखत तरी कधी लागला नाही.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी माझी ओळ संपली आणि सगळा हॉल चिडीचूप झाला. शेकडो माणसं, आणि प्रत्येकाच्या कानात आपापल्या आईचा फोन. मला वाटलं, नाटक पाडलं मी. आणि मग पहिल्या रांगेतून नाडिया उठली. शब्द तिला एकही कळला नव्हता. तिने तोंडावर हात धरून, त्यांच्याकडे लग्नात बायका देतात तशी लांबलचक, कापरी किलकारी दिली, छताला जाऊन भिडणारी. त्यासरशी सगळा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या, रडणं, हसणं, सगळं एकदम. जहऱ्याची पोरं खुर्च्यांवर चढली. माझी लेक ओरडत होती, "दॅट्स माय मम्मी!" आणि लगेच, मराठीत, "ती माझी आई आहे!"

पडदा काही पडेना. मी विंगेकडे पाहिलं. माफी मागून पुन्हा विंगेत पळालेले प्रभाकर दोरी हातात धरून उभे होते, डोळे पुसत, टॉर्चची वाट बघत. टॉर्च माझ्या कमरेला लुगड्यात खोचलेला होता. खूण करणारी मीच होते.

मी हात मांडीवर ठेवले आणि उजेडात बसून राहिले.